ॲग्नेसचा तळ

सावंतकाका गेल्याचा फोन मी उचललाच नाही. टोरोंटोकडचा अनोळखी नंबर होता, मी हॅलिफॅक्सच्या बसमध्ये दाराला टेकून उभी होते, हातात ओली ग्रोसरीची पिशवी, आणि मला वाटलं, बंदर कार्यालयाच्या वकिलाचा असणार. त्या दिवसांत मला सगळे फोन त्यांचेच वाटायचे. मग मेसेज आला. "हाय, मी शुभदा, जयवंत सावंतांची मुलगी. डॅड पास्ड अवे ऑन ट्यूसडे. तुमचा नंबर त्यांच्या फ्रिजवर लावलेला होता." मी तो तीनदा वाचला. त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणजे बुधवारी संध्याकाळी, आमच्या समितीच्या बैठकीत, मी सगळ्यांसमोर त्यांची नक्कल करून दाखवली होती, टोपी काढून "येस सर" म्हणणारी, आणि चार-पाच जण हसले होते… तेव्हा ते या जगात नव्हते. त्यांना जाऊन एक दिवस झाला होता.

काकांवर लिहा असं पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांना बहुधा एक गोड लेख हवा होता: सातासमुद्रापार गेलेला कोकणी माणूस, जुनी आगबोट, डोळ्यांत पाणी. तो लेख मला लिहिता येणार नाही. काका आणि मी मागच्या शरद ऋतूपासून बोलत नव्हतो. न बोलण्याचं कारण मी होते. ते कारण आणि ती बोट वेगळी काढता येत नाहीत, म्हणून आधी बोटीबद्दल सांगते.

तिचं नाव ॲग्नेस. हॅलिफॅक्सपासून बसने दोन-अडीच तासांवर एक लहान बंदर आहे, तिथल्या धक्क्याला ती कित्येक वर्षं बांधून ठेवलेली आहे. ही नेहमीची फेरीबोट नव्हे. ही आगगाडीचे डबे वाहून नेणारी वाफेची बोट. तिच्या डेकवर रूळ आहेत, खरे, आगगाडीचे, चार पदरी. अलीकडच्या किनाऱ्यावर रूळ संपायचे, तिथे ही बोट येऊन धक्क्याला तोंड लावायची, डब्यांची अख्खी माळ पोटात घ्यायची, सामुद्रधुनीतला बर्फ फोडत पलीकडच्या बेटावर जायची आणि तिथल्या रुळांवर ती माळ सोडून द्यायची. बटाटे, कोळसा, लाकूड, टपाल, कधी झोपलेले प्रवासीही. मग पलीकडे जायला रस्ता झाला, ट्रक आले, रूळ उखडले गेले आणि ॲग्नेसला घरी बसवलं. "वारसा म्हणून जतन करू" असं तेव्हाच्या पुढाऱ्यांनी सांगितलं होतं. जतन म्हणजे काय केलं, तर दोर बांधला आणि भोवती कुंपण घातलं. रंगाचा एक हात नाही, पंपाला एक माणूस नाही. सडू द्यायचं, आणि सडलं की "धोकादायक आहे हो" म्हणून भंगारात काढायचं. ही पद्धत मला ओळखीची होती. इथे येण्याआधी मी सोलापुरात गिरणी कामगारांच्या चाळींसाठी पत्रकं लिहायची. छप्पर दुरुस्त करायचं नाही आणि मग छप्पर पडतंय म्हणून माणसं बाहेर काढायची. देश बदलला तरी युक्ती तीच.

मी इथे शिकायला आले, मग नोकरीला लागले, आणि एका रविवारी त्या बंदरावर फिरायला गेले असताना कुंपणावर "लवकरच हटवण्यात येईल" अशी बंदर कार्यालयाची पाटी पाहिली. तिथल्या तीन म्हाताऱ्या रेल्वेवाल्यांनी एक समिती काढली होती. त्यांना पत्रक लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. बास, एवढंच झालं.

काका मला भेटले ते दीड वर्षापूर्वीच्या गणपतीत. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसतो, बास्केटबॉलच्या जाळीखाली. मी प्रसादाच्या रांगेत पत्रकं वाटत होते आणि मंडळातल्या वडीलधाऱ्यांची तोंडं वाकडी होत होती. एक काकू म्हणाल्या, "अगं, तुझं पीआर झालं का? कायम राहायचा परवाना हातात नाही ना? मग कशाला या गोऱ्यांच्या भानगडीत पडतेस?" दुसरे म्हणाले, भंगारच आहे ते, त्यात आपलं काय. मी त्यांना उत्तर देणार एवढ्यात मागून एक उंच, किंचित वाकलेला माणूस पुढे आला, पत्रक चष्म्यापासून लांब धरून म्हणाला, "ह्यात चूक असा."

"कुठे?" मी विचारलं, अर्थात तोऱ्यात.

"हे चित्र. इंजिन बोटीवर चढतंय असं काढलंय. इंजिन बोटीर कधी चढणा नाय गो."

मला राग आला. शंभर प्रती छापून झाल्या होत्या. पण तो माणूस हटेना. इंजिन फार जड, ते बोटीच्या टोकावर आलं तर बोट पुढून दबेल आणि तिला धक्क्याशी जोडणारा पूल मोडेल, म्हणून इंजिन आणि माल यांच्यामध्ये दोन-तीन रिकामे सपाट डबे जोडायचे, लांब हातासारखे, आणि इंजिनाने किनाऱ्यावरच उभं राहून ढकलायचं. हे सगळं त्याने हातात मोदकाची डिश धरून सांगितलं. "तुम्हाला कसं ठाऊक?" असं विचारल्यावर म्हणाला, "मी तिच्या पोटात होतो. शेवटचे सहा हंगाम." जिममधल्या एकालाही हे माहीत नव्हतं. चाळीसेक वर्षं त्यांच्यात वावरलेला माणूस, आणि कुणीही कधी विचारलं नव्हतं, सावंत, तुम्ही नेमकं काय करत होतात हो?

मी विचारलं, आणि मग दर शनिवारी त्यांच्याकडे जात राहिले. ते डार्टमथच्या बाजूला एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर एकटे राहायचे. काकू गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी टोरोंटोकडे, एटोबिकोला, नातवंडं फोनवर इंग्रजीत "हाय आजोबा, बाय आजोबा" करणारी. मी गेले की ते भात टाकायचे आणि सोलकढी करायचे, नारळाच्या दुधाच्या डब्यातली, आणि दर वेळी त्या डब्याला शिव्या द्यायचे. एकदा डबे बोटीवर चढवतात कसे हे मला कळेना, तर त्यांनी बेसिनमध्ये पाणी भरलं, त्यावर स्टीलचं मोठं झाकण तरंगत ठेवलं आणि ग्लुकोजची बिस्किटं माझ्या हातात दिली. "हे डबे. भर." मी एका बाजूने ओळीने ठेवायला लागले. चौथ्या बिस्किटाला झाकण कललं आणि सगळी गाडी पाण्यात. काका खूष. "बुडवलंस! अख्ख्या बेटाचो बटाटो बुडवलंस!" मग त्यांनी करून दाखवलं. आधी मधल्या रुळांवर, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, परत डावीकडे. उतरवतानाही तसंच, उलट क्रमाने. एका बाजूचं कितीही घाईचं असलं तरी दुसऱ्या बाजूचं उचलल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मी भिजलेली बिस्किटं खात म्हटलं, काका, हे फार संथ काम आहे. ते म्हणाले, "संथच. घाई केलेली बोट मी एकदा बघितलंय."

त्यांची स्वतःची गोष्ट त्यांनी कधी सलग सांगितली नाही, मी ती तुकड्यातुकड्यांनी ओढून काढली. वेंगुर्ल्याजवळचं गाव, मुंबईत बोटींच्या इंजिनांवर शिक्षण, परीक्षा पास, हातात इंजिनीअरचं प्रमाणपत्र. सत्तरच्या दशकात इथे आले तर इथल्यांनी ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. चालणार नाही. मग ॲग्नेसवर ऑइलर म्हणून लागले, म्हणजे यंत्राला तेल घालणारा. त्या वेळी तिच्या इंजिनरूममध्ये जो मुख्य होता त्याच्याहून काकांचं शिक्षण जास्त होतं, हे मी गणित करून काढलं. ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. वाफेच्या इंजिनाचे ते अजस्र दांडे वरखाली होत असताना ऑइलरने प्रत्येक फेरीला नेमक्या क्षणी आत हात घालायचा, सांध्यावर तळवा टेकवायचा आणि काढून घ्यायचा. सांधा तापलाय का, हे तळव्याला कळायचं. क्षण चुकला तर हात गेला. काका हवेत हात घालून काढून दाखवायचे, एका तालात, आणि त्यांचा चेहरा त्या वेळी कुठेतरी दूर गेलेला असायचा. मी म्हणायची, "तुम्हाला राग नाही येत? इंजिनीअरला तेल घालायला लावलं!" ते म्हणायचे, "येय होतो. पण राग धरलेल्या हाताक उष्णता कळणा नाय." मला हे त्या वेळी अजिबात पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. त्यांनी तेव्हा भांडायला हवं होतं, आणि त्यांच्यामागून आलेली आमची डॉक्टर मंडळी आज टॅक्सी चालवतायत त्यात त्या न भांडण्याचा वाटा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनी मला आणखी भात वाढला होता.

मागच्या सप्टेंबरात आम्ही ॲग्नेसवर गेलो. मी म्हटलं होतं, मागून कुंपण तुटलंय, तिथून शिरू. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी रीतसर परवानगी मागितली, दोन आठवडे वाट पाहिली, रखवालदारासाठी डोनट नेले. आत अंधार, पक्ष्यांची घाण, रुळांवर गंज. काकांच्या कोटाच्या खिशात एक छोटी हातोडी होती. ते पत्र्यावर एक टोला मारायचे आणि कान लावायचे. चांगला पत्रा वाजतो. टण् असा स्वच्छ, लांबलेला. झिजलेला पत्रा नुसता ठप् म्हणतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. वरच्या भागात सगळीकडे टण्, टण्. मग ते लोखंडी शिडीने खाली, बॉयलरच्या खोलीत बोटीच्या तळाशी उतरले, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मी टॉर्च धरून मागे. तिथे कोळशाची राख आणि पाणी वर्षानुवर्षं साचलेलं असतं, ते लोखंड खातं. हातोडी ठप् म्हणाली. चार पावलं सरकून परत ठप्. काका तिथेच उकिडवे बसले. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "काका, एका वाक्यात सांगा, पत्रकासाठी."

ते म्हणाले, "वरचो पत्रो अजून वाजता, तळ पातळ झालो असा, म्हणान तिका आता पाण्यातसून वर काढूक व्हयी."

एका वाक्यात तीन गोष्टी होत्या. वरचं शाबूत आहे. तळ पातळ आहे. म्हणून तिला जमिनीवर उचलून घ्या, तिथेच ती टिकेल, तिथेच म्युझियम होईल. माणसाने याहून सरळ बोलावं कसं?

मला चळवळीत शिकवलं होतं, एक पत्रक, एक मुद्दा. वाचणारा बसस्टॉपवर उभा आहे, त्याच्याकडे दहा सेकंद आहेत. मी घरी आले, रेकॉर्डिंग ऐकलं आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापलं: "तिचा पत्रा अजून वाजतो!" खाली बारीक अक्षरांत, "जे. सावंत, ॲग्नेसच्या इंजिनरूममधला हयात असलेला शेवटचा माणूस." बाकीचं मी कापलं. मी विसरले नव्हते. माझी ऐकण्यात चूक झाली नव्हती. समितीत मालवणी कळणारी मी एकटीच होते, त्यामुळे मला विचारणारंही कुणी नव्हतं. बंदर कार्यालय खोटं बोलतं म्हणून मी महिनोन् महिने ओरडत होते, आणि मी एका माणसाच्या तोंडातलं वाक्य पहिल्या स्वल्पविरामाशी तोडून टाकलं. उरलेलं त्यांच्या हाती लागायला नको म्हणून.

पत्रकाचा एक गठ्ठा मी काकांच्या गाडीच्या डिकीत टाकला. त्यांनी ते वाचलं की नाही, मला कळलं नाही.

ऑक्टोबरात गावाच्या सभागृहात बोटीबद्दल जाहीर सुनावणी झाली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, समोर एक दिवा, वेळ संपली की लाल. पहिल्याच फेरीत बंदर कार्यालयाच्या माणसाने माझं पत्रक हातात धरून विचारलं, "मिस्टर सावंत इथे आहेत का? हे तुमचं विधान आहे?" काका मागच्या रांगेतून उठले, लोकरी टोपी काढली आणि माइकपाशी गेले. म्हणाले, "येस सर. हा पहिला भाग माझा आहे. आणखी आहे." आणि शांतपणे, सावकाश, आपल्या त्या जुन्या पद्धतीने त्यांनी सांगायला सुरुवात केली. राख, पाणी, पत्र्याची जाडी, कुठे टोला मारला, काय ऐकलं. तळ पातळ झाला आहे, हे त्यांनी सांगितलं. सभागृहात कुजबुज उठली. तो अधिकारी म्हणाला, "थँक यू, सर, हे फार प्रामाणिक बोललात." काका "म्हणून" म्हणाले. दिवा लाल झाला. काका बोलत राहिले, पण माइक बंद केलेला होता, त्यामुळे पहिल्या दोन रांगांपलीकडे ते कुणालाही ऐकू गेलं नाही. इतिवृत्तात एवढंच आलं की माजी कर्मचाऱ्याच्या मते बोट असुरक्षित आहे. मी वरचा तुकडा घेतला होता, बंदर कार्यालयाने मधला घेतला. तिसरा कुणीच घेतला नाही.

मी पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी पडत होतं.

"काका, तुम्हाला कळतंय का काय केलंत?"

"खरां ता सांगितलंय."

"त्यांना हवं होतं तेच दिलंत! ताटात वाढून!"

"बोटीत माणसां चढतली गो. शाळेची पोरां चढतली. तळ गेलो तर?"

"ते नंतर बघता आलं असतं. आधी वाचवायला हवी ना?"

"आधी तळ. मगे बाकीचां."

आणि मग मी ते बोलले. मी म्हटलं, "आयुष्यभर तेल घातलंत, तरी तुमचं 'येस सर' काही सुटत नाही." हे असंच म्हटलं, मराठीत, मोठ्याने, त्यांच्या वयाच्या निम्म्याहून लहान असलेल्या मी. त्यांनी घड्याळ पाहिलं. येताना मी त्यांच्या गाडीतून आले होते आणि आता मी त्या गाडीत बसणार नाही, हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. म्हणाले, "धाव. बस चुकतली तुझी."

बस चुकली नाही. मी अडीच तास खिडकीबाहेर बघत स्वतःला पटवत आले की माझंच बरोबर आहे. दिवाळीत त्यांचा पणतीचा फॉरवर्ड आला. संक्रांतीला तिळगुळाचा. मी दोन्ही उघडले, म्हणजे मी वाचलेत हे त्यांना दिसलं असणार, आणि दोन्हींना उत्तर दिलं नाही. गोड बोला म्हणे! फेब्रुवारीत ते गेले. स्वयंपाकघरात पडले, शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. हृदय. शुभदा त्यांना टोरोंटोला घेऊन गेली, तिथेच सगळं केलं. मला जाता आलं असतं. विमानं चालू होती. मी गेले नाही, कारण कुठल्या नात्याने जाऊन उभी राहणार होते?

मार्चच्या शेवटी शुभदा फ्लॅट रिकामा करायला आली आणि तिने मला बोलावलं. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलत होती, अधूनमधून एखादा मराठी शब्द परीक्षेला बसल्यासारखा. "यू आर द फेरी गर्ल, राइट? हे तुझंच असणार." तिने कपाटातून एक खोका काढला. आत माझी पत्रकं होती, डिकीतला तोच गठ्ठा. मला वाटलं, त्यांनी ती कुणाला दिलीच नाहीत, लाजेने लपवून ठेवली. मग वरचं एक उचललं. माझ्या मोठ्या अक्षरांखाली, जागा उरली होती तिथे, बॉलपेनने, इंजिनीअरच्या सरळ ठोकळा अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं: "आणि तिचा तळ पातळ झाला आहे. म्हणून तिला आत्ताच पाण्यातून वर काढा. जे. सावंत." दुसरं उचललं. तेच. तिसरं, तेच. एकही शब्द वेगळा नाही, अक्षर कुठे घाईचं नाही. अर्ध्याहून जास्त गठ्ठा संपलेला होता. उरलेल्यातली वरची वीस-पंचवीस लिहून झालेली, खालची कोरी.

"ही त्यांनी कुठे वाटली?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मला ते बोटीबद्दल काहीच सांगायचे नाहीत," शुभदा म्हणाली. मग, मराठीत, "मी विचारलं नाही कधी." आणि ती भांडी कागदात गुंडाळू लागली. "खाली लॉन्ड्रीरूममध्ये विचार. सकाळी ते तिथेच बसायचे."

मी खोका घेऊन बेसमेंटमध्ये गेले. लांबट खोली, भिंतीशी चार वॉशिंग मशीन, चार ड्रायर, मधे कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल आणि त्याच्या टोकाला एक लाकडी खुर्ची, तिच्यावर जुनी चौकोनी उशी. वर ट्यूबलाइट. साबणाचा आणि गरम कापडाचा वास. एक म्हातारी गोरी बाई, डोरीन, त्यांच्याच मजल्यावरची, ॲम्ब्युलन्स जिने बोलावली ती, टॉवेलच्या घड्या घालत होती. माझ्या हातातला खोका बघून तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू ती रागावलेली मुलगी."

मी हो म्हटलं.

"जय म्हणायचा, तिचं सगळं बरोबर आहे. फक्त तळ सोडून." तिने टॉवेल झटकला. "त्याच्या घरातला दिवा पिवळा होता, म्हणून इथे बसायचा. रोज दहा. दहाच. अकरावं लिहिलं की हात थरथरतो म्हणायचा. मी म्हटलं, अरे, एकदा टाइप करून छापून का नाही घेत? तर म्हणाला, ते पत्रक तिचं आहे. तिने छापलंय. मी फक्त राहिलेलं लिहितोय."

मी खोक्यातलं वरचं पत्रक परत पाहिलं.

"क्लिनिकमध्ये ठेवली त्याने," डोरीन सांगत होती, "न्हाव्याकडे, शहरातल्या फेरीबोटीच्या टर्मिनलवर, तुमच्या देवळात. आणि इथे, प्रत्येकाला. मी वाचलं आणि विचारलं, मग उचलत का नाहीत तिला? तर एवढा हसला! म्हणाला, हे मला नको विचारूस, त्यांना विचार. मी विचारलं मग. पत्र टाकलं बंदर कार्यालयाला. पाचव्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणींनी टाकलं. खालच्या पंजाबी आजोबांनी टाकलं. अजून कुणाला उत्तर नाही, डिअर. पण आम्ही परत लिहिणार. ती पुढची सुनावणी कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"तो आम्हाला गाडीतून नेणार होता."

महिनोन् महिने मी हजारो लोकांना सांगत होते की बोट ठणठणीत आहे, आणि लोक "छान, छान" म्हणून पत्रक खिशात घालत होते. ठणठणीत बोटीसाठी कोण कशाला पत्र लिहील? काकांनी सांगितलं, तिचा तळ जातोय, आणि लॉन्ड्रीरूममधल्या माणसांनी पेनं उचलली. हा हिशेब मला इतका उशिरा कळावा याची मला लाज वाटते. बंदर कार्यालयाबद्दलचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हेही लिहून ठेवते. तो तळ त्यांनी जाऊ दिला. माइक त्यांनी बंद केला. पण पुढच्या महिन्यात मी माइकपाशी जाईन तेव्हा माझी तीन मिनिटं इथूनच सुरू होतील: मागचं पत्रक मी लिहिलं होतं, सावंतांचं वाक्य मी तोडलं होतं, पूर्ण वाक्य हे असं आहे. समितीतले दोघे म्हणतात, असं केलंस तर आपण गेलो, ते तुझीच कबुली तुझ्यावर फेकतील. फेकतील. बोट जाईलही कदाचित. मला झोप लागत नाही ती त्याच भीतीने. तरी त्यांचं वाक्य मी परत अर्धं ठेवणार नाही.

त्या सकाळी मी खोका टेबलावर ठेवला आणि त्या खुर्चीत बसले. खुर्ची माझ्यासाठी उंच होती, पाय नीट टेकेनात. डोरीनने न सांगता तिचे टॉवेल पलीकडे सरकवून जागा करून दिली. मी खालचं एक कोरं पत्रक घेतलं, शेजारी त्यांनी लिहिलेलं एक ठेवलं, आणि बघून बघून लिहायला लागले. ठोकळा अक्षरं मला जमत नाहीत, ती एकमेकांवर कलत होती. मागे मशीन घुमत होतं. लिहून झाल्यावर मी कागद बाजूला ठेवला आणि दुसरा ओढला, तर डोरीनने पहिला उचलला, चष्मा खाली केला आणि काकांच्या कागदाशी ओळीओळीने ताडून पाहिला.

"यावर नाव नाही," ती म्हणाली. "तो प्रत्येकावर घालायचा."

इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या एकाही पत्रकावर माझं नाव नव्हतं. खाली समिती असायची, कृती मंच असायचा, जनता असायची. मी तो कागद तिच्या हातातून परत घेतला. "जे. सावंत यांचे शब्द," असं लिहिलं, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.